मार्लस्टो हॉलची लांबी

मार्लस्टो हॉल रोज संध्याकाळी सात मीटर सत्तर सेंटिमीटरनं वाढत असे. सोमवारी त्रेपन्न मीटर नव्वद, मंगळवारी एकसष्ट साठ, बुधवारी एकोणसत्तर तीस. मी हे आकडे वरिष्ठांना कळवले तेव्हा त्यांनी मला लेझर-मापकाची बॅटरी बदलायला सांगितली. बॅटरी नवीच होती. तरी बदलली. घर तेवढंच लांब राहिलं.

इंग्लिश लोक याला नुसतं ‘घर’ म्हणतात. आपल्याकडे याला राजवाडा म्हटलं असतं आणि शाळेच्या सहली आल्या असत्या. मला तिथं दोन आठवड्यांच्या कामावर पाठवलं होतं. जुन्या चित्रांना, रेशमाला आणि लाकडाला हवेतली ओल किती सोसते, याच्या नोंदी मला घ्यायच्या होत्या. ओल मोजायची तर खोलीचं घनफळ लागतं आणि घनफळासाठी लांबी. लांबीपाशीच माझं काम अडलं होतं.

चूक व्हायला तिथं जागाच नव्हती. प्रवेशदालनाच्या पुढं सात खोल्या एकामागे एक होत्या आणि त्यांची सगळी दारं एका सरळ रेषेत होती. पहिल्या दारात उभं राहिलं की सातव्या खोलीतला राजपलंग दिसावा, अशी योजना. साध्या पाहुण्याला पहिल्या खोलीतून परत पाठवायचं, बऱ्या पाहुण्याला तिसरीपर्यंत आणायचं, आणि राजाला सातवीत. राजा येणार म्हणून हे सगळं बांधलं, सोन्याचा मुलामा दिला, छतावर चुन्याची फळं-फुलं काढली. राजा आला नाही. पलंग मात्र तीनशे वर्षं अंथरलेला आहे. लेझर एका टोकाला ठेवला की किरण सगळ्या दारांमधून नीट जाऊन पलंगापलीकडच्या भिंतीवर पडतो. इतकी सोपी मोजणी मला कॉलेजच्या पहिल्या वर्षालाही कुणी दिली नसती.

नव्या खोल्या प्रवेशदालन आणि पहिली खोली यांच्या मध्ये येत होत्या. मी त्या तपासल्या. लाकडाला किडीची जुनी भोकं होती, आणि कीड इतक्या घाईनं काम करत नाही. भिंतीवरचं रेशीम खिडकीच्या बाजूनं उन्हानं विटलेलं होतं. त्या खोलीनं आयुष्यात एकूण दीड तास ऊन पाहिलं होतं.

बाहेरून घर तेवढंच होतं. मी गवतातून टेप लावून मोजलं. सतरा खिडक्या, पहिल्या दिवशीही सतरा.

“तुम्हाला हे विचित्र वाटत नाही?” मी मिसेस ऑडलींना विचारलं. त्या घराच्या व्यवस्थापक. दारापाशी एका छोट्या टेबलाशी बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही ठेवत.

“पाहुणे येणार असले की तयारी करावी लागते,” त्या म्हणाल्या.

“कोणते पाहुणे?”

“ते वहीत असतं.”

“मग वही दाखवा.”

“वही पाहुण्यांना दाखवत नाहीत.”

“मी पाहुणी नाही. मी कामावर आले आहे.”

त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं आणि टाक पुसला.

या वाढीचा सगळ्यात जास्त त्रास मिस्टर पिम यांना होत होता. ते निवृत्त भूगोल शिक्षक होते आणि येणाऱ्यांना खोल्यांची माहिती सांगायला विनावेतन येत. नियमाप्रमाणे प्रत्येक खोलीत एक माहितगार उभा असायला हवा. माणसं कमी होती, म्हणून सगळ्या खोल्यांत मिस्टर पिमच उभे असत. सात खोल्यांना ते पुरत होते. आठव्या खोलीनंतर ते पातळ व्हायला लागले. गुरुवारी त्यांच्या कोटामधून मागच्या शेकोटीची जाळी दिसत होती. एक वाक्य बोलायला त्यांना तीन खोल्या लागत.

“हा पलंग राजासाठी,” ते एका खोलीत म्हणत.

“बनवला होता, पण,” पुढच्या खोलीत.

“राजा आलाच नाही, बाई,” त्याच्या पुढच्या खोलीत.

“तुम्ही सुट्टी का घेत नाही?” मी विचारलं.

“काल बायकोनं मला घडी घालून,” ते म्हणाले. उरलेलं ऐकायला मी पुढच्या खोलीत गेले. “गाडीत ठेवलं. तिला ते सोयीचं पडतं.”

दारं तेच उघडायचे. पाहुण्यानं स्वतः मुठीला हात लावायचा नसतो. मी लावून पाहिला. मूठ साबणासारखी हातातून निसटली. मिस्टर पिमना ती फिरवायला आधी एक सेकंद लागे. शुक्रवारी चार मिनिटं लागली.

शनिवार-रविवार मी गावातल्या भाड्याच्या खोलीत बसून आकड्यांचा तक्ता केला. सोमवारी संध्याकाळी एक खोली वाढली. मंगळवारी एक. बुधवारी एकही नाही. गुरुवारी एक. शुक्रवारी दोन. बुधवारी काय वेगळं होतं? बुधवारी माझी दाढ सुजली होती आणि घरी निघताना मी कुणाशी बोलले नव्हते. शुक्रवारी मी छत्री विसरले म्हणून परत आले होते, म्हणजे दोनदा निघाले होते. दोनदा निघाले म्हणजे मी दोनदा म्हणाले होते:

“येते.”

मला माझाच राग आला. दोन कप चहा झाला तरी तो उतरला नाही. पहिल्या संध्याकाळी निघताना मी सवयीनं मिसेस ऑडलींना “येते हं” म्हणाले होते. त्यांनी अर्थ विचारला होता. आणि मी, शब्द नेमका वापरावा या शिस्तीत वाढलेली मुलगी, तो नेमका सांगितला होता: मी येत आहे. त्यांनी तो वहीत लिहून घेतला होता.

सोमवारी सकाळी मी टेबलापाशी उभी राहिले. लेझरवर ब्याण्णव मीटर चाळीस आले होते.

“ती चूक दुरुस्त करा,” मी म्हणाले. “येते म्हणजे जाते.”

“येते म्हणजे जाते,” मिसेस ऑडली म्हणाल्या.

“हो.”

“मग जाते म्हणजे काय?”

“जाते म्हणजेही जाते. पण तसं म्हणत नाहीत.”

“का?”

“तसं म्हटलं की माणूस परत येत नाही, असं मानतात.”

“तुम्हाला इथं परत यायचं आहे?”

“मुळीच नाही.”

“मग म्हणा.”

मी तोंड उघडलं. शब्द जिभेपर्यंत आला आणि तिथंच बसून राहिला. मी अंधश्रद्धाळू नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराचा वेग मोजते. पण बाविसाव्या पायरीवरून रोज उडी मारणाऱ्यालाही तेविसावी पायरी नको वाटते, तसं झालं. मी इंग्रजीत सांगितलं, की मी शुक्रवारी हे घर कायमचं सोडणार आहे. लेखी दिलं. त्यांनी कागद परत केला.

“ज्या भाषेत येणं नोंदवलं, त्याच भाषेत जाणं नोंदवावं लागतं,” त्या म्हणाल्या. “नियम आहे.”

शुक्रवारी निघणं मला भाग होतं. पाच वाजता घर बंद होतं, पाच वीसला फाटकाबाहेर बस येते, शनिवारी सकाळी विमान, आणि सोमवारी चौदा तारखेला पुण्यात प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. ही जागा मला दीड वर्षाच्या खटपटीनंतर मिळाली होती. चौदाला हजर झाले नाही तर ती प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्याला जाणार होती. दुसरा कुणी किर्तने होता. त्यानं आतापासूनच रोज सकाळी प्रयोगशाळेच्या फाटकाशी येऊन उभं राहायला सुरुवात केली होती, असं आई फोनवर म्हणाली. रोज एक फूट पुढं उभा राहतो, असंही म्हणाली.

त्या आठवड्यात मी तोंड मिटून निघायचं ठरवलं. सोमवारी शब्द निसटला. मंगळवारी तोंडात रुमाल धरला होता, तरी रुमालातून निसटला. बुधवारी मी उलट्या पावलांनी चालत बाहेर पडले, म्हणजे निघाल्यासारखं वाटणार नाही. उंबरठ्यावर अडखळले आणि अडखळताना “आई गं” म्हणण्याऐवजी तेच म्हणाले. गुरुवारी तर मिसेस ऑडलींनी नुसतं “उद्या शेवटचा दिवस ना?” विचारलं, आणि मी म्हणाले, “हो, येते.” त्यांनी लिहिलं, पूर्णविराम दिला, आणि प्रवेशदालनाच्या पलीकडे कुणीतरी जड गादी आपटावी तसा आवाज झाला. नववी नवी खोली.

त्याच दुपारी, आवाजाच्या आधी, मी राजपलंगाच्या खोलीतून आईला फोन लावला होता. आई सांगलीला असते.

“आई, एक विचारू? समजा मी एकदा नुसतं ‘जाते’ म्हटलं तर?”

“केतकी! तोंड धू आधी.”

“अगं, शास्त्रीय दृष्ट्या...”

“तुझ्या शास्त्राला म्हणावं बस गप. तुझा नानाकाका असाच ‘जातो’ म्हणून नागपूरला गेला होता.”

“आला ना पण परत? मागच्या दिवाळीला जेवायला होता की आपल्याकडे. चार पुरणपोळ्या खाल्ल्या त्यानं.”

“जेवला गं. पण तो आलाय असं अजून कुणाला वाटत नाही. काकू अजून त्याची वाट बघते. त्याच्यासमोर बसून बघते.”

“मग मी काय करू? इथं घर वाढतंय.”

“वाढू दे. दुसऱ्याचं घर आहे, तुझ्या काय बापाचं जातंय? तू शनिवारचं विमान पकड. आणि त्या किर्तनेचं मनावर घेऊ नकोस. आज तो आत पोचलाय, पण अजून व्हरांड्यातच आहे.”

शुक्रवारी मी राजपलंगाच्या खोलीतलं माझं सामान तीनलाच आवरलं. हिशेब साधा होता. सोळा दारं, एका दाराला चार मिनिटं, म्हणजे चौसष्ट मिनिटं. पण आता मिस्टर पिम सोळांत वाटले गेले होते आणि एका दाराला सात मिनिटं लागत होती.

नोकरांची वाट मी आधी पाहिली. पहिल्या आठवड्यात मी तिकडूनच ये-जा करत असे. प्रत्येक खोलीच्या भिंतीत एक चोरदार होतं. त्यावरही भिंतीचाच कागद चिकटवलेला होता, हातानं रंगवलेली बांबूची झाडं आणि निळे पक्षी. दाराची फट पक्ष्याच्या शेपटीवरून जात होती. आता मी शेपटीवरून बोट फिरवलं तर तिथं फट नव्हती. नुसती भिंत होती. नऊ वेळा नोंद झालेला पाहुणा उमरावाच्याही वर धरतात, आणि उमरावांना चोरदारं दिसत नाहीत. खिडक्याही नव्हत्या उपयोगाच्या. त्या कायमच्या बंद कराव्यात, अशी सूचना पहिल्याच दिवशी मी लेखी केली होती. या घरात माझी तेवढी एकच सूचना ताबडतोब अमलात आली होती.

जुन्या सात खोल्या पार करायला एकोणपन्नास मिनिटं लागली. आठव्या खोलीत, म्हणजे पहिल्या सोमवारी आलेल्या खोलीत, मिस्टर पिम मुठीपाशी उभे होते आणि मूठ त्यांच्या हातातून दिसत होती. ती फिरत नव्हती. हवेची झुळूक आली की त्यांची कड वर उचलली जाई. मी माझं वजनदार मापक त्यांच्या बुटांवर ठेवलं.

“कृपया,” ते म्हणाले.

पुढचा शब्द दाराच्या पलीकडून, नवव्या खोलीतून आला. “बाई.”

मग आणखी लांबून: “काहीतरी.”

शेवटचा शब्द इतक्या दुरून आला की मी तो अंदाजानंच ऐकला. “करा.”

मी हाक मारली. निळ्या पक्ष्यांमधून भिंत उघडली आणि मिसेस ऑडली वही घेऊन आत आल्या. त्यांच्यामागे भिंत मिटली.

“मला म्हणायचं आहे,” मी म्हणाले.

“नऊ वेळा म्हणावं लागेल. एका नोंदीला एक.”

“एकदाच मोठ्यानं म्हटलं तर?”

“नऊ वेळा.”

चार वाजून दोन मिनिटं झाली होती. मी डोळे मिटले. “जाते,” मी म्हणाले.

काहीही झालं नाही. मी पडले नाही, दिवा विझला नाही. मिसेस ऑडलींनी स्पेलिंग विचारलं. पहिलं अक्षर कोणतं, शेवटी काय, मधला स्वर लांब की आखूड. मी तीनदा सांगितलं. त्यांनी लिहून पूर्णविराम दिला आणि दूर कुठंतरी दोन दारं एकमेकांवर येऊन एक झाली. मिस्टर पिमच्या कोटाचा तपकिरी रंग थोडा परत आला.

“जाते,” मी म्हणाले. “जाते. जाते.”

“सावकाश, मिस सबनीस. प्रत्येक वेळी तारीख घालावी लागते.”

तारीख घालणं मला माझ्याच तेराव्याची तयारी बघितल्यासारखं वाटत होतं, आणि त्यांचं अक्षर फार सुबक होतं. पाचव्यांदा म्हणाले तेव्हा मिस्टर पिमना कान आले. सातव्यांदा त्यांनी खोकून घसा साफ केला. आठव्यांदा त्यांनी मूठ एका झटक्यात फिरवली आणि दारापलीकडे सरळ प्रवेशदालन होतं. त्याच्या पलीकडे उघडं मोठं दार, खडीची वाट, आणि वाटेच्या टोकाला फाटक.

“धन्यवाद, बाई,” मिस्टर पिम एका दमात म्हणाले. “हे सगळं वाक्य मी एकाच खोलीत बोलत आहे. माझी बायको खूश होईल. नाही, होईल असं नाही, पण तिला आश्चर्य वाटेल.”

“शेवटचं उंबरठ्यावर म्हणायचं असतं,” मिसेस ऑडली म्हणाल्या.

चार पंचेचाळीस. मी बॅग उचलली आणि चालत सुटले. एकही दार मध्ये नव्हतं. मिस्टर पिमनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. मी उजवा पाय उंबरठ्याबाहेर खडीवर ठेवला. खडी उन्हानं गरम होती, बुटातूनही कळत होतं. डावा पाय आत होता. खिशात फोन वाजला.

आईच होती. मी कानाला लावला नाही, बटण दाबून हातातच धरला. आईचा आवाज पहिल्यापासूनच मोठा आहे.

“केतकी, अगं किर्तने खुर्चीत बसला! तुझ्या खुर्चीत! पाठ टेकली नाहीये म्हणे अजून, नुसता कडेला बसलाय. निघालीस का तू?”

“निघतेच आहे. एक मिनिट थांब.”

मिसेस ऑडली टेबलाशी बसल्या. त्यांनी टाक शाईत बुडवला, कागदाला टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“जाते,” मी म्हणाले.

फोनमध्ये कुकरचं झाकण पडल्यासारखा आवाज आला.

“काय म्हणालीस? कुणाला म्हणालीस? केतकी, परत घे तो शब्द!”

“आई, शेवटचाच होता. झालं आता.”

“काय झालं? नऊ महिने पोटात वाढवली ती काय असलं ऐकायला? तिथंच उभी राहा. पाय हलवू नकोस. तुझ्यानं काही व्हायचं नाही, आता मीच येते!”

“आई, नको! आई, तसं नको म्हणू...”

“मी येते म्हणजे येते!”

फोन बंद झाला. मिसेस ऑडलींनी नववी ओळ पूर्ण केली आणि पूर्णविराम दिला. माझ्यामागे आठवी खोली मिटल्याचा आवाज आला. मग त्यांनी मान जरा तिरपी केली, ओळखीचा शब्द कानावर पडल्यावर माणूस करतो तशी, आणि पान न उलटता खाली दहावी ओळ सुरू केली.

“तो शब्द माझा नाही,” मी म्हणाले. “ती माझी आई आहे.”

“म्हणजे थोरल्या मिसेस सबनीस,” त्या लिहीत म्हणाल्या. “दोनदा म्हणाल्या ना?”

फाटकापाशी बस येऊन थांबली होती. पस्तीस मिनिटं आधी आली होती. चालकानं दार उघडलं आणि हात कपाळाशी धरून तो माझ्या दिशेनं बघू लागला. मिस्टर पिमनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती परत खुंटीला लावायला वळले. वळताना त्यांच्या खांद्यातून खुंटी दिसली.

मी खाली पाहिलं. माझ्या दोन पायांच्या मध्ये संगमरवराची एक काळी फरशी आली होती. मिसेस ऑडलींच्या टाकाचा आवाज चालू होता. काळ्या फरशीच्या शेजारी एक पांढरी आली. मग एक काळी.